आलेल्या माणसाची गोष्ट

सोलापुरात वाढलेल्या मुलाच्या कानावर घर सोडून दूर गेलेल्या माणसाची पहिली गोष्ट पडते ती बहुधा डॉ. कोटणीसांची. माझ्याही पडली, आणि कळायच्या आधी पाठ झाली. द्वारकानाथ कोटणीस 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि 1938 साली काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या डॉक्टरांच्या पथकातून निघाले. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं आणि जखमींना डॉक्टर हवे होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच जण गेले. चौघे परतले, कोटणीस राहिले. 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. शाळेत ही गोष्ट सांगताना गुरुजींची छाती भरून यायची आणि आमचीही.

माझी आजी मात्र तीच गोष्ट वेगळी सांगायची. तिला युद्धाचं, पथकाचं काही नव्हतं. मुलगा परमुलखात असताना इकडे वडील वारले आणि तरीही तो परतला नाही, इथे तिची गोष्ट सुरू व्हायची आणि इथेच थांबायची. पुढे काय झालं म्हणून विचारलं, की ती म्हणायची, "पुढं काय, त्या लोकांनी त्याला आपलं म्हटलं." लहानपणी मला हे उत्तर अपुरं वाटायचं. आज वाटतं, घरापासून लांब गेलेल्या माणसाच्या गोष्टीत विचारण्यासारखं जे असतं, ते आजीनं एका वाक्यात सांगितलं होतं.

आमचं घर साखर पेठेत. आजूबाजूला सगळी पद्मशाली वस्ती. दिवसभर मागांचा खडखडाट आणि त्यावरून मोठ्यानं चाललेलं तेलुगू. करीमनगर, नलगोंडा, वरंगळ, महबूबनगर या भागांतून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात येत गेली. तिकडे दुष्काळ होता, हाताला काम नव्हतं. इकडे माग होते, आणि 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून एकेक गिरणी उभी राहत होती. जगात जी चादर सोलापूरचं नाव सांगते, ती विणली बाहेरून आलेल्या हातांनी. शेजारच्या अव्वा दारात बसून कांड्या भरायच्या आणि आम्हा पोरांना गोष्टी सांगायच्या. त्यांचं मराठी आमच्यासाठी आणि तेलुगू स्वतःसाठी असायचं. गोष्ट रंगात आली की तेलुगूच उरायचं. त्यात एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन गाडीतून उतरायची, स्टेशनाबाहेर उभी राहायची, आणि कुणीतरी तिला पहिला प्रश्न विचारायचं: "तिन्नावा, बिड्डा?" जेवलीस का, लेकरा? प्रश्न विचारणारं माणूस दरवेळी बदलायचं. कधी टांगेवाला, कधी गिरणीतली बाई, कधी खुद्द मार्कंडेय महामुनी. प्रश्न मात्र तोच. ती बाई अव्वांची आई होती की त्या स्वतः, हे आम्ही कधी विचारलं नाही.

पुढे हिराचंद नेमचंद वाचनालयात पुस्तकांची चटक लागली आणि मी नकळत त्याच जातीच्या गोष्टी शोधू लागलो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हाती आली. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच तिचं बीज. कादंबरी छोटी, पण मी ती कथेसारखी एका बैठकीत वाचली. मास्तर वाडीत कसा रुळतो यापेक्षा वाडी मास्तरला हळूहळू कशी आत घेते, हे माडगूळकर दाखवतात. कारभाऱ्याचं मन वळलं नसतं, तर शाळेत पोरं आली नसती आणि गोष्टही घडली नसती. नवख्या माणसाचं नशीब निम्मं त्याच्या हातात आणि निम्मं गावाच्या, हे मला तिथं पहिल्यांदा लख्ख दिसलं.

नोकरीसाठी मी हैदराबादला गेलो. हुसेनसागर एक्स्प्रेसनं वाडी, तांडूर, विकाराबाद मागं टाकत जाताना पिशवीत आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी होती. उतरल्यावर खोली शोधायची होती. मला ती फार फिरावं न लागता मिळाली. घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मी साखर पेठेतलं तेलुगू बोलू लागल्यावर त्या मोकळेपणी हसल्या. जे शब्द अव्वांच्या घरानं गाव सोडताना बरोबर आणले होते, तेच त्यांच्या मुलखात मला उपयोगी पडले. विणकरांच्या स्थलांतरानं मला परगावी राहण्याची तयारी करून दिली होती.

त्याच दिवसांत इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून मी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचली. 1963 साली आलेल्या संग्रहातली ही शीर्षककथा. उधन्याला रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण मोठ्या उमेदीनं नव्या गावात येतो आणि खोली शोधू लागतो. माझ्यासारखंच त्यालाही विचारलं जातं, तू कोण? खरं उत्तर दिलं तर छप्पर मिळत नाही, लपवलं तर लोक घरात घेतात, जेवू घालतात, आणि उघडकीला आल्यावर मारतात. मी भाड्याच्या खोलीत बसून ती कथा वाचत होतो. माझ्या आडनावानं सहज उघडलेलं दार या माणसाला जिवावर बेतण्याइतकं महाग पडलं होतं. घरापासून लांब असणं सगळ्यांना सारखं नसतं. काहींना आपल्याच देशात, आपल्याच भाषेच्या माणसांतही घरापासून लांबच ठेवलं जातं. त्या कथेनंतर घरच्या आठवणीनं व्याकुळ होणाऱ्या नायकांच्या गोष्टी मला पुरेनाशा झाल्या. नायक दारात उभा राहिल्यावर आतलं माणूस काय करतं, हे मी वाचू लागलो.

जी. ए. कुलकर्णींची 'प्रवासी' ही दीर्घकथा मी 'रमलखुणा'मध्ये वाचली, आणि तिनं मला बरेच दिवस गप्प केलं. तिच्यातला मुलूख नकाशावर न सापडणारा आहे. मोठी कथा आहे ती, यात शंका नाही. पण हैदराबादच्या स्टेशनवर सोलापूरकडची गाडी येईपर्यंत बाकावर बसलो, की मला आठवायची ती अव्वांची गाठोडंवाली बाई. तिचा प्रवास एका प्रश्नानं संपत होता, आणि तो विचारणं कुणालाही शक्य होतं.

निवृत्तीनंतर मी सोलापूरला परतलो. इथल्या आणि आसपासच्या साखर कारखान्यांवर दिवाळी झाली की बीड, आष्टी, पाटोद्याकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते फडात पहाटेच शिरतात, आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पाचटाची कोप हेच घर. पोरं कोपीत धाकट्याला सांभाळत राहतात. अशा एका तळावरच्या साखरशाळेत मी जमेल तसा गोष्टी सांगायला जातो. आपण गोष्ट द्यायची आणि एक गोष्ट घ्यायची, असा आमचा व्यवहार. पोरांच्या गोष्टींत गावाकडच्या आजीपेक्षा इथलीच माणसं जास्त येतात: हापशावर पाणी भरू न देणारी बाई, आणि ताप आल्यावर मोटारसायकलवरून दवाखान्यात नेणारा शेतकरी. हंगामाचे सगळे महिने ज्या गावात काढायचे, त्या गावाची पारख ही मुलं फार बारकाईनं करतात.

तिथे मी कोटणीसांची गोष्ट सांगितली. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे हे सांगितलं, चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे हेही सांगितलं. मागं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "ते आजारी पडले तवा त्यांच्यापाशी कोण होतं?"

मी सांगितलं, त्यांची बायको होती. क्वो छिंगलान तिचं नाव. परिचारिका होती, चिनी होती. दोघांचं लग्न 1941 साली झालं. तीन-साडेतीन महिन्यांचं बाळ होतं. दवाखान्यातली माणसं होती, ज्यांच्यावर त्यांनी उपचार केले ते सैनिक होते. मुलीला ते पटलं. तिनं मान हलवली आणि पुढची गोष्ट मागितली.

शाळेत गुरुजींनी आम्हाला कोटणीस गेले याचा अभिमान शिकवला. तो रास्तच आहे; मरेपर्यंत तो माझ्यापाशी राहील. पण या शहरानं एक माणूस जगाला दिला, तसे हजारो माणसांना आपलं म्हटलं, आणि आजही दर हंगामात हजारो माणसं इथे येतात. परमुलखात कोटणीसांना कुणी जवळ केलं हे सांगताना आपला ऊर भरून येत असेल, तर कारखान्याच्या तळावर उतरलेल्या बाईला पाणी कुठे मिळतं, तिच्या पोरीला शाळेत कोण घेतं, तिला बाळंतपणात कोण बघतं, हे विचारणं आपल्याला टाळता येणार नाही. दूर गेलेल्या माणसांच्या कथा मी आयुष्यभर वाचल्या त्या माझ्या एकटेपणाची सोबत म्हणून नव्हे. माझ्या दाराशी आलेल्याला काय विचारायचं, हे त्यांनी मला शिकवलं म्हणून. येत्या हंगामात त्या पोरांच्या गोष्टी मी लिहून घेणार आहे, त्यांच्याच बोलीत. सोलापूर कसं आहे, हे आता त्यांनी सांगायचं आणि आपण वाचायचं.