गंजू द्या त्याला!

शिकागोच्या डेली प्लाझात पिकासोचं ते अगडबंब शिल्प आहे ना, पन्नास फूट उंच, 162 टन वजनाचं? ती बाई आहे, कुत्रा आहे की माकड, यावर लोक 1967 पासून वाद घालताहेत. मी वादात पडलोच नाही. मी रंग बघत होतो. जांभळट तपकिरी, उन्हात चॉकलेटी, सावलीत जवळजवळ काळा. हात फिरवून पाहिला, बोटं स्वच्छ.

"मामा, तो गंज आहे," भाचा म्हणाला. "मागची एकतीस मजली इमारत पण त्याच पोलादाची. रंग देतच नाहीत."

दर पावसाळ्याआधी खिडकीचे गज पॉलिश पेपरने घासून त्यांवर रेड ऑक्साइड फासण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल! रात्रभर वाचत बसलो. (त्यात हेही कळलं की रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ. म्हणजे आम्ही गंज खरवडून वर त्याच्याच भावाला बसवत होतो!)

साध्या लोखंडाचं दुखणं असं, की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. तो फुगतो, तडकतो, पोपडे सुटतात. खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. या पोलादात मात्र थोडं तांबं, थोडं क्रोमियम, निकेल, फॉस्फरस असतं. सगळं मिळून जेमतेम काही टक्के! गंजायला ते इतरांसारखंच लागतं, भगव्या रंगाने. पण पाऊस येतो, ऊन येतं. भिजणं, वाळणं, पुन्हा भिजणं. दर फेरीत आतल्या थरातले कण बारीक होत जातात, घट्ट बसतात. गोएथाइट नावाचं खनिज तयार होतं आणि त्यात लोहाच्या काही जागा क्रोमियम पटकावतं. काही वर्षांत अंगाला चिकटलेली दाट खपलीच धरते. पाणी, प्राणवायू आणि क्षार यांना आत शिरणं कठीण होतं. गंजणं पूर्ण थांबत नाही, पण इतकं मंदावतं की पूल उभे करता येतात. आणि ही सगळी कारागिरी फुकट, हवामानाकडून!

युनायटेड स्टेट्स स्टीलने 1933 मध्ये हे पोलाद 'कॉर-टेन' नावाने बाजारात आणलं, तेही कोळशाच्या वाघिणींसाठी. त्याचं रूप दिसायला वास्तुरचनाकारांना तीस वर्षं लागली. ईरो सारिननने इलिनॉयमधल्या मोलीनला जॉन डिअर या नांगर-ट्रॅक्टरवाल्या कंपनीचं मुख्यालय याच पोलादात उभं केलं. 1964 मध्ये ते खुलं झालं. सारिनन 1961 मध्येच गेला होता. शेतीच्या अवजारांच्या कंपनीला मातीच्या रंगाचं घर द्यावं, हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत.

पण हे पोलाद मोठं मानी. त्याला वाळायला मिळालंच पाहिजे. ऑम्नी नावाचं भलंमोठं क्रीडागृह 1972 मध्ये अटलांटात, म्हणजे दमट हवेत, बांधलं. खपली काही धरेना. गंज आत खातच गेला, भिंतींना भोकं पडली आणि 1997 मध्ये ते पाडलं. खाऱ्या हवेशी तर याचं हाडवैर. तेव्हा कोकणातल्या मंडळींनी कृपया उत्साहाच्या भरात समुद्राकाठी याचं फाटक करून घेऊ नये. उत्साहाचा मक्ता मी घेतलाय.

दिल्लीचा लोहस्तंभ आठवला असेलच. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या लोखंडातही फॉस्फरस भरपूर आहे, आणि स्तंभाची राखण करणाऱ्या थरात त्याचा मोठा हात आहे, असं आयआयटी कानपूरच्या प्रा. बालसुब्रमण्यम यांनी मांडलं.

आणि आता खरी गंमत! रेल्वेच्या ज्या निळ्या आयसीएफ डब्यांतून आपण जन्मभर प्रवास केला, त्यांचे पत्रे याच जातीच्या पोलादाचे. वर रंग दिलेला, म्हणून कळलं नाही. या डब्यांत गंज सर्वांत जास्त कुठे धरतो? शौचालयाच्या आसपास, जिथलं पाणी कधी वाळतच नाही.