पुण्यातला विजय आणि न झालेली अंतिम लढत

१९७४. पुण्यात भारताने सोव्हिएत संघाला ३-१ असे नमवले आणि डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी गाठली.

तिथवरची वाट बिकट होती. तेव्हा ही स्पर्धा भौगोलिक विभागांत खेळली जाई. आपला विभाग जिंकल्याखेरीज पुढचे दार उघडत नसे. पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत कोलकात्यात ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. पाच सामने, तब्बल ३२७ गेम! डेव्हिस करंडकात तेव्हा टायब्रेक नव्हता, त्यामुळे एकेक सेट लांबतच जाई. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने ती लढत ३-२ अशी जिंकली.

आता समोर होता दक्षिण आफ्रिका. पूर्वी युरोप विभागात खेळणारा हा देश वर्णद्वेषी धोरणामुळे काही वर्षे स्पर्धेबाहेर राहिला आणि परतला तो चक्क अमेरिका विभागातून. विभागांचा नकाशा निव्वळ भूगोलाने आखला जात नाही, तो असा.

भारताने खेळण्यास नकार दिला. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६ साली संयुक्त राष्ट्रांत भारतानेच मांडला होता. त्या भूमिकेशी हा नकार सुसंगतच म्हणावा लागेल. करंडक मात्र एकही चेंडू न टोलवता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. विजय तेव्हा २० वर्षांचा होता, आनंद २२ वर्षांचा. किंमत मोजली ती या वयाने.

१९८७ साली दोघे भाऊ पुन्हा अंतिम फेरीत उतरले, गोथेनबर्गला. स्वीडनने भारताला ५-० असे हरवले. विजयने त्याच आठवड्यात ३४ वर्षे पूर्ण केली होती.