‘कान्होजी’ वर्गाच्या युद्धनौका आणि विजयदुर्गची आग

पर्यायी इतिहासात रमणाऱ्यांचे एक लाडके स्वप्न असते. मराठी राज्य टिकले आहे, साल १९०० आहे आणि विजयदुर्गच्या किनाऱ्यासमोर ‘कान्होजी’ वर्गाच्या चार पोलादी युद्धनौका नांगरून उभ्या आहेत. दोन धुरांडी, पुढे-मागे बारा इंची तोफांची जोडी, वर जरीपटका. सह्याद्रीने समुद्रापासून तोडलेल्या माधवनगरातही हे चित्र रेखाटणारा एखादा सापडावा, इतके ते मोहक आहे.

अशा नौकांना प्री-ड्रेडनॉट म्हणतात. १९०६ साली आलेल्या ब्रिटनच्या ‘ड्रेडनॉट’ने त्यांना कालबाह्य केले. मात्र या कल्पनेतला सर्वांत जड शब्द ‘तोफ’ नसून ‘वर्ग’ आहे. वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर पुन्हा पुन्हा बांधलेली नौका. त्यामागे गोदी हवी, कारागिरांच्या पिढ्या हव्यात आणि दरसाल न चुकता येणारा पैसा हवा. १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल तोगो ज्या ‘मिकासा’वर होते, तीही जपानने इंग्लंडमध्ये बांधून घेतलेली होती. पोलाद विकत मिळते. आरमार चालू ठेवण्याची इच्छा मात्र विकत मिळत नाही.

ती इच्छा आंग्र्यांकडे होती. त्यांची गुराबे दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून समोर मारा करणारी. सोबतीला वल्ह्यांवर धावणारी हलकी गलबते. वारा पडला की ही गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, जिथे मोठ्या जहाजाच्या तोफा फारशा पोहोचत नसत. कोकणच्या खाड्यांना साजेशी ही युद्धपद्धती होती. युरोपची नक्कल नव्हती.

तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. त्यांच्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्याने विजयदुर्गावर भडिमार केला. जमिनीवरील फौज रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखाली होती. एक तोफगोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच पकडले होते! तिथून आग पसरली आणि एकमेकांना बांधून ठेवलेले आरमार खाडीतच जळाले. घरातला तंटा मिटवायला परक्याच्या तोफा बोलावण्याची ती किंमत होती, आणि ती तुळाजींपेक्षा राज्याने अधिक मोजली.

मराठ्यांचे आरमार त्या दिवशी संपले, असे मात्र म्हणता येणार नाही. विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी कंपनीचे ‘रेंजर’ जहाज झुंजून पकडले. पराक्रम शिल्लक होता. मोठी जहाजे सातत्याने बांधत राहणे उरले नव्हते.

ते सातत्य मुंबईला गेले. तिथे वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी सागवानात ब्रिटिश आरमाराची रणजहाजे बांधली. १८१३ सालच्या ७४ तोफांच्या ‘कॉर्नवालिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, १८२४ सालची ८४ तोफांची ‘एशिया’ नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीची नौका होती. म्हणजे याच किनाऱ्यावर त्या काळातील ‘बॅटलशिप’ प्रत्यक्षात बांधल्या गेल्या. झेंडा तेवढा दुसऱ्याचा होता.

‘कान्होजी’ वर्गाचे चित्र काढणाऱ्याने चिलखताची जाडी ठरवण्याआधी वाघोटन खाडीकाठची, गिर्ये येथील आंग्रेकालीन गोदी पाहावी. तिथला खडक आजही कोरलेला दिसतो.