भेंडीचा पेपर

परभणीचं शेतकी महाविद्यालय १९५६ चं, मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं. विद्यापीठाला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १९८१ साली तिथल्या भेंडीवरचा पेपर 'थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स' या जर्नलच्या ६० व्या खंडात छापून आला. लेखक दोघे, एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर. पानं चार, ३१३ ते ३१६. पिकांच्या आनुवंशशास्त्रात काम करणाऱ्याला या जर्नलचं वजन सांगावं लागत नाही. १९२९ साली जर्मनीत 'डेर झ्यूश्टर' या नावानं ते सुरू झालं होतं.

मानवत तालुक्यातल्या एका मुलीच्या घरी ही भेंडी बियाण्याच्या पाकिटातून आली. वाणाचं नाव 'परभणी क्रांती', पण घरात सगळे नुसतं 'क्रांती' म्हणायचे. आई सकाळी हाताला फडकं गुंडाळून भेंडी तोडायची, कारण भेंडीच्या लवेनं हातांना खाज सुटते. पुढे ही मुलगी परभणीला कृषी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी.ला आली आणि ग्रंथालयातल्या एका बांधीव खंडात तिला ती चार पानं सापडली. आपल्या वावरातली भाजी इतक्या लांबच्या जर्नलात गेली कशी, हा प्रश्न तिला तिथं पडला आणि मग सुटला नाही. आज ती स्वतः भेंडीवर काम करते, विद्यार्थ्यांची गाईड आहे आणि तिच्या टेबलावर एखादं हस्तलिखित कायम कुठल्या ना कुठल्या अवस्थेत पडलेलं असतं.

भेंडीचा जुना वैरी म्हणजे केवडा. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि हिरव्या पानावर त्यांची जाळी उठून दिसते. मग अख्खं पान पिवळं होतं, फळं पांढुरकी आणि निबर निघतात. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी 'करंट सायन्स'मध्ये 'यलो व्हेन मोझॅक' या नावानं त्याचं वर्णन छापलं. विषाणू पसरवते ती पांढरी माशी. माशी फवारून मारता येते, पण लागण झालेलं झाड बरं होत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेला 'पुसा सावनी' काही वर्षं टिकला, मग तोही पिवळा पडू लागला.

जांभळे-नेरकरांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या 'ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट' या नातलगाशी केला आणि पुढच्या पिढ्यांत निरोगी आणि रोगट झाडं मोजली. त्यावरून निघालं ते असं की ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. पैदासकाराला एवढं कळलं की वाट मोकळी होते. दहा जनुकं असती तर ती भेंडीत आणताना पिढ्या गेल्या असत्या. एकच असेल तर पुन्हा पुन्हा भेंडीशी संकर करत, दर पिढीत निरोगी झाडं निवडत ते आणता येतं. त्यातूनच 'परभणी क्रांती' निघाली आणि १९८६ साली 'हॉर्टसायन्स'मध्ये तिच्यावर स्वतंत्र पेपर आला.

संकराचं हे काम हातानं करताना कसं असतं, ते मानवतच्या त्या मुलीला एम.एस्सी.च्या प्लॉटवर कळलं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची. तिचं आवरण नखानं हलकेच चिरायचं, चिमट्यानं पुंकेसरांची नळी काढायची, आतल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. वर कागदी पिशवी, देठाला तारखेचं लेबल. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत नराचे परागकण त्यावर लावायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. परभणीच्या उन्हात उशीर झाला की फूल मिटायला लागतं.

मग मोजणी. समजा, दुसऱ्या पिढीची १६० झाडं उभी आहेत. एका प्रभावी जनुकाच्या हिशेबानं १२० निरोगी आणि ४० रोगट हवीत. प्रत्यक्षात ११४ आणि ४६ निघाली, तर हा फरक नशिबाचा की हिशेबच चुकीचा? काय-स्क्वेअर काढला की उत्तर १.२ येतं. पाच टक्क्यांच्या पातळीवरची मर्यादा ३.८४, म्हणजे तीनास एक हे प्रमाण टिकतं. मेंडेलनं वाटाण्यात पाहिलेलं प्रमाण हेच. त्याचा पेपर १८६६ साली ब्रुनच्या निसर्गअभ्यासक मंडळाच्या नियतकालिकात आला, त्याच्या ४० सुट्या प्रती त्यानं काढून घेतल्या आणि १९०० पर्यंत कुणी त्याकडे नीट पाहिलं नाही. तरी १९०० मध्ये तो वाचणाऱ्यांना सगळं समजलं, कारण कुठलं झाड कशाशी जोडलं आणि पुढे किती निघाली, हे त्यानं आकड्यांनिशी लिहून ठेवलं होतं.

म्हणून पेपरमधला 'साहित्य आणि पद्धती' हा भाग ती सगळ्यात आधी लिहायला लावते, तोही पीक उभं असताना. बऱ्याच थिसिसमध्ये 'शिफारशीप्रमाणे लागवड केली' एवढ्या एका ओळीत हा भाग उरकलेला असतो. त्या ओळीवर तिचा राग आहे. पेरणी खरिपाची की उन्हाळी? अंतर किती? रोग सारखा पसरावा म्हणून दर किती ओळींनंतर बळी पडणाऱ्या वाणाची ओळ लावली? फवारणी बंद होती का? रीडिंग पेरणीनंतर कितव्या दिवशी घेतलं? यातलं एक जरी राहिलं, तरी कोइमतूरच्या किंवा आक्राच्या माणसाला तोच प्रयोग करून पाहता येत नाही. मग निरोगी दिसलेलं झाड खरंच प्रतिकारक होतं, की त्याच्यापर्यंत माशीच पोचली नव्हती, हे कुणाला कसं कळणार?

रोजंदारीवर निंदायला येणाऱ्या बायकांचे आभार ती पेपरच्या शेवटी न चुकता मानते. पानाच्या एका कोपऱ्यात पिवळी शीर उमटली की त्यांच्यातलीच कुणीतरी आधी हाक मारते, 'मॅडम, ह्या झाडाला केवडा लागला बघा.' झाडाला त्याच दिवशी लेबल लागतं आणि नोंदवहीत तारीख पडते. पेपरमधल्या टेबलाची सुरुवात या हाकेपासून होते, असं ती मानते.

हस्तलिखित पाठवायची रीत मात्र पार बदलली. जांभळे-नेरकरांच्या पिढीत पेपर टाइप व्हायचा, कार्बन लावून प्रती निघायच्या, आलेख ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढले जायचे आणि जाडजूड पाकीट एअरमेलनं परदेशी जायचं. आता सगळं पोर्टलवर. ओळींना क्रमांक, ३०० डीपीआयचे फोटो, प्रत्येक लेखकानं काय केलं त्याचं निवेदन, लेखकाचा १६ अंकी ऑर्किड ओळखक्रमांक, संपादकाला पत्र, आणि हा पेपर दुसरीकडे कुठेही दिलेला नाही अशी हमी. फाइल चढवायला एक दुपार पुरते. पण जर्नल निवडण्यात ती घाई करत नाही. त्या जर्नलचे मागचे अंक वाचते, तिथं भेंडीवर किंवा विषाणूंवर काय आलंय ते बघते, राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीच्या, म्हणजे 'नास'च्या, यादीत त्याचे गुण तपासते. काही दिवसांत छापून देतो, पैसे भरा, असे मेल विद्यार्थ्यांना सतत येतात. ज्या जर्नलात कुणी पेपर वाचूनच बघत नाही, तिथं पोरांनी दोन हंगामांची मेहनत घालवू नये, हे ती त्यांना समोर बसवून सांगते.

वाचून बघणारे रिव्ह्यूअर कडक असतात आणि तसेच असावेत. तिच्या सध्याच्या हस्तलिखितावर एकानं विचारलंय: झाडं पिवळी पडली हे ठीक, पण नेमका कुठला विषाणू होता? प्रश्न रास्त आहे. मदुराई कामराज विद्यापीठातल्या जोस आणि उषा यांनी २००३ साली 'व्हायरॉलॉजी'मध्ये दाखवलं की भेंडीच्या केवड्यामागे विषाणूबरोबर 'बीटा सॅटेलाइट' नावाचा एक छोटा डीएनए तुकडाही लागतो. त्यानंतर अशा विषाणूंचे वेगवेगळे प्रकारही सापडत गेले. आता नुसती पिवळी शीर बघून भागत नाही. पानातून डीएनए काढून, पीसीआर करून, अनुक्रम जेनबँकेत जमा करून त्याचा क्रमांक पेपरमध्ये द्यावा लागतो.

क्रांतीही काळाच्या ओघात केवड्याला बळी पडू लागली. मानवतला आईच्या वावरात आता संकरित बियाणं असतं. प्रयोगात मात्र ती क्रांतीची ओळ तुलनेसाठी लावतेच आणि तिच्यावर पडलेला रोग जसाच्या तसा टेबलात देते. आपल्याच विद्यापीठाचा वाण पिवळा पडलेला दाखवायचा का, असं एका विद्यार्थ्यानं विचारलं, तेव्हा तिनं त्याला ओळवार मोजणीचा कच्चा तक्ताच पुरवणी म्हणून पेपरला जोडायला सांगितलं. एका जनुकावर उभी असलेली प्रतिकारशक्ती कुठल्या विषाणूपुढे मोडते, हे नव्या वाणावर काम करणाऱ्याला त्याच आकड्यांतून कळणार आहे.

रिव्ह्यूअरला उत्तर तयार होतंय. डीप फ्रीजरमध्ये ठेवलेल्या पानांच्या नमुन्यांतून डीएनए काढून झाला, अनुक्रम यायचेत. दरम्यान उन्हाळी पेरणीसाठी तिनं नोंदवहीत नवा रकाना आखला आहे: केवडा दिसलेल्या प्रत्येक झाडाचं पान त्याच दिवशी गोठवायचं, आणि बाटलीवरचा क्रमांक झाडाच्या लेबलाशी जुळवून दोन जणांनी सह्या करायच्या.