छापील वाटाड्या

प्रवासाला निघण्यापूर्वीं त्या प्रवासाविषयींचें पुस्तक वाचणें पुष्कळांस अरसिकपणाचें वाटतें. जें डोळ्यांनीं पाहावयाचें तें आधींच कागदावर पाहून घेतलें, तर नवलाई ती काय राहिली, असा त्यांचा प्रश्न असतो. महाबळेश्वरास किंवा गोव्यास जावयाचें असेल तर हा आक्षेप मीही मान्य करीन. तेथें वाट चुकली तर फार तर एक जेवण हुकेल. परंतु परक्या देशांत, समुद्रसपाटीपासून पांच हजार मीटरांवर पायीं जावयाचें असेल, तर प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाहीं. २०१८ सालीं नेपाळांत केलेल्या प्रवासांत ही गोष्ट मला नीट उमगली. तीच हकीकत आज आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

आम्ही तिघे होतों : मी, माझे एक शिक्षकस्नेही व माझा एकोणीस वर्षांचा भाचा. खुंबू प्रदेशांतून एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत, म्हणजे ५,३६४ मीटरांपर्यंत, चालत जाण्याचा बेत होता. आमची तोंवरची पुंजी म्हणजे सह्याद्रीचे गड. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; तें १,६४६ मीटर. खुंबूची पायवाट जेथून धरावयाची तें लुक्ला गांवच सुमारें २,८५० मीटरांवर आहे. आमच्या चढाईची जेथें समाप्ति होत असे, त्याच्याहि बाराशें मीटर वर तेथील श्रीगणेशा !

निघण्यापूर्वीं आठ महिने आम्हीं पुस्तकें जमविलीं. त्यांतील एक स्टीफन बेझ्रुच्का यांचें. हे गृहस्थ पेशानें डॉक्टर. नेपाळांतील पायीं प्रवासावरील त्यांचें पुस्तक प्रथम १९७२ सालीं निघालें व पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. आमच्या हातीं आली ती बरीच जुनी आवृत्ति होती, म्हणून जोडीला नकाशांसह एक नवें पुस्तक घेतलें. पहिल्या वाचनांत आम्हीं चारचौघांप्रमाणें चित्रें पाहिलीं व शिखरांचीं नांवें पाठ केलीं. दुसऱ्या वाचनांत आंकड्यांकडे लक्ष गेलें. स्नेह्यांनीं आलेखाचा एक मोठा कागद आणला. त्यावर आडवे दिवस व उभी उंची मांडून प्रत्येक मुक्कामाचा ठिपका दिला : फाकडिंग २,६१०, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०. नामचे व डिंगबोचे येथें दोन दोन रात्री धरल्या. ठिपके जोडल्यावर रुंद पायऱ्यांचा जिना दिसूं लागला.

तो जिना माझ्या भाच्यास मुळींच रुचला नाहीं. शाळेंत असतांना तो फुटबॉलच्या संघाचा नायक होता. "मामा, नामचेस दोन रात्री कशाला ? मी एका दिवसांत राजगड चढून उतरतों," तो म्हणाला.

त्याचें उत्तर पुस्तकांत होतें. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण कोठेंही शेंकडा एकवीसच असतें; परंतु उंचीबरोबर हवेचा दाब कमी होत जातो, व साडेपांच हजार मीटरांवर तो समुद्रकांठच्या निम्मा उरतो. म्हणजे दर श्वासागणिक निम्माच प्राणवायु मिळावयाचा. शरीर या परिस्थितीस सरावतें खरें, परंतु त्याला दिवस लागतात आणि ते दिवस कितीही बळकट पायांनीं कमी होत नाहींत. यासाठीं तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोंपण्याची जागा एका दिवसांत सुमारें पांचशें मीटरांहून अधिक उंच करूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस मुक्काम हलवूं नये, असा नियम सांगतात.

पूर्वींच्या लोकांस हा नियम कोणी शिकवावा लागत नसे. १९५३ सालीं ज्या मोहिमेंतील एडमंड हिलरी व तेनसिंग हे २९ मे रोजीं शिखरावर पोंचले, ती मोहीम काठमांडूच्या खोऱ्यांतून तेंगबोचेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ पायीं चालत गेली होती. पुढें हिलरी यांच्याच पुढाकारानें १९६४ सालीं लुक्ला येथें धांवपट्टी झाली, व लुक्लापर्यंतची वाट विमानानें तासाभराच्या आंत आली. त्या गांवांचें कल्याण झालें, परंतु प्रवाशाच्या शरीरास वाटेवर जे दिवस आपोआप मिळत ते गेले. १९७६ सालीं पीटर हॅकेट व त्यांचे सहकारी यांनीं पेरिचे येथें तपासलेल्या २७८ प्रवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत शेंकडा ५३ जणांस उंचीचा विकार जडल्याचें आढळलें. विमानानें आलेल्यांत, भरभर चढणाऱ्यांत आणि तरुणांत हें प्रमाण अधिक होतें. भाच्यानें 'तरुणांत' हा शब्द दोनदां वाचला व आलेखाचा कागद मुकाट्यानें भिंतीस लावला. विमानानें घालविलेला सावकाशपणा परत मिळवून देणें हेंच या पुस्तकांचें मुख्य काम आहे, असें मला त्या दिवशीं वाटलें.

परंतु आमच्या घरीं पुस्तकाचें सर्वांत बारीक वाचन केलें तें प्रवासास न येणाऱ्या व्यक्तीनें. माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, एके दिवशीं पुस्तक मागून घेऊन गेली. शिखरें व मठ तिनें वाचले नाहींत. आजारांचें प्रकरण तेवढें वाचलें. डोकें दुखणें, मळमळ, चक्कर, झोंप न येणें हीं पहिलीं लक्षणें. बसल्या जागीं धाप लागणें अथवा चालतांना तोल जाणें हीं प्राणघातक लक्षणें. लक्षणें असतांना वर चढूं नये. आणि तीं वाढत असल्यास तत्काळ खालीं उतरणें हाच खात्रीचा उपाय. या शेवटच्या ओळीखालीं पेन्सिलीची ठळक रेघ ओढून तिनें पुस्तक परत केलें. "जाऊं नका असें मी म्हणत नाहीं," ती म्हणाली, "पण वरती गेल्यावर कोण कोणाचें ऐकणार, तें इथेंच ठरवून जा."

तिच्या या बोलण्यावरून आम्हीं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर करार लिहिला. तिघांपैकीं कोणी आजारी आहे असें इतर दोघांचें मत झाल्यास त्यानें वाद न घालतां खालीं उतरावें, व इतरांनीं त्याला एकटें सोडूं नये. खालीं तिघांनीं सह्या केल्या.

ऑक्टोबरांत आम्ही निघालों. पुस्तकांचे गुण वाटेवर दिसले तसे त्यांचे दोषही दिसले. जुन्या आवृत्तींतील कित्येक पूल बदलले होते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर बांधलेलीं घरें तींत असणें शक्यच नव्हतें. काला पत्थर या टेकडीची उंची कोठें ५,५४५ तर कोठें ५,६४४ मीटर छापलेली. अशा ठिकाणीं आम्ही पुस्तक मिटून आमच्या शेर्पा सोबत्यास विचारीत असूं. ढग कोणत्या बाजूनें आले म्हणजे बर्फ पडतें, हें त्याला ठाऊक होतें. तें कोणत्याही पुस्तकांत नव्हतें.

सातव्या दिवशीं लोबुचेस पोंचलों. तळ आतां एका दिवसाच्या वाटेवर होता. रात्रीं भाचा जेवला नाहीं. डोकें दुपारपासूनच दुखत असल्याचें त्यानें फार विचारल्यावर सांगितलें, व थोड्याच वेळानें त्याला उलटी झाली. पुस्तकांत एक साधी परीक्षा दिली आहे : सरळ रेषेवर एका पायाच्या टांचेस दुसऱ्याचा अंगठा भिडवीत चालावयाचें. आम्हीं त्याला जमिनीच्या फळीवरून चालावयास सांगितलें. चारपांच पावलांत त्याचा पाय दोनदां फळीबाहेर गेला. ज्या मुलाला भर पावसांत गडाच्या कड्यावर निर्धास्त उभा राहिलेला मीं पाहिलें होतें, त्याला आठ फूट फळीवरून चालवेना.

"मामा, उद्यां पोंचतोंच कीं आपण ! गोळी घेतों, सकाळपर्यंत बरा होईन," तो म्हणाला. त्याचा स्वर विनवणीचा होता. आठ महिन्यांची तयारी व बराच पैसा खर्चून आम्ही येथवर आलों होतों. ती विनवणी ऐकावी असें कोणासही वाटलें असतें. मीं कांहीं न बोलतां पुस्तकाचें शेवटचें पान उघडून त्याच्यापुढें धरलें. स्वतःच्या सहीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग खालीं वांकून बुटांचे बंद बांधूं लागला. बंद बांधणें त्याला नीट जमेना, तेव्हां तें काम स्नेह्यांनीं केलें.

शेर्प्यानें दिवा पुढें धरला व दोघांनीं भाच्यास दोन्ही बाजूंनीं आधार दिला. थुकलाच्या खिंडींत पर्वतावर मरण पावलेल्यांचीं दगडी स्मारकें आहेत. त्यांच्यामधून उतरतांना कोणी एक शब्द बोललें नाहीं. मध्यरात्रीनंतर पेरिचेस पोंचलों. तेथें हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या संस्थेचा दवाखाना १९७३ सालापासून चालत आलेला आहे, हेंही आम्हांस पुस्तकामुळेंच ठाऊक होतें. डॉक्टरांनीं तपासून प्राणवायु व औषध दिलें. सकाळ होईपर्यंत न थांबतां उतरलां हें फार बरें केलेंत, असें ते म्हणाले. दोन दिवसांनीं, आणखी खालीं उतरल्यावर, तो उकडलेले बटाटे मागून मागून खात होता. नामचेहून मीं ताईस दूरध्वनि केला. सर्व ऐकून घेऊन ती क्षणभर थांबली व एवढेंच म्हणाली, "त्याला फोन दे."

एव्हरेस्टचा तळ आम्हीं पाहिला नाहीं. पुस्तकांत वाचलें होतें कीं, तळावरून खुद्द शिखर दिसतच नाहीं. आम्हांस तें तेंगबोचेहून, नुप्त्सेच्या धारेमागून डोकावतांना दिसलें होतें. याचें समाधान मीं भाच्यापुढें मांडून पाहिलें. त्याला तें पटलें नाहीं, व न पटणें स्वाभाविक होतें. तो पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस आलेखाचा कागद त्यानें स्वतः आणला आहे. त्याच्या पायऱ्या आमच्यापेक्षां रुंद आहेत.

विद्यार्थीमित्रहो, 'गाइड' हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे, व तें परीक्षेच्या आदल्या रात्रीं उघडण्याची रीतही आहे. उंच पर्वताचें गाइड तसें उघडून चालत नाहीं. तें घरीं, डोकें थंड असतांना, पुन्हा पुन्हा वाचावें, आणि कोठें जावयाचें याबरोबर कोठून परतावयाचें हेंही त्यांतून ठरवून ठेवावें; कारण हवा विरळ झाली म्हणजे विचारही विरळ होतात. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलें अशा वाटेस निघालीं तर त्यांचें पुस्तक एकदां मागून घ्या व हातांत पेन्सिल घेऊन वाचा.