बाहेरचा एक इलेक्ट्रॉन

सोनाराच्या मुशीत रोज एकत्र येणारे तीन धातू आवर्तसारणीतही एकाच स्तंभात एकाखाली एक बसलेले आहेत: तांबं २९, चांदी ४७, सोनं ७९. तिघांच्याही अणूत सगळ्यांत बाहेर एकच इलेक्ट्रॉन. आमच्या धंद्याचं बरंचसं मर्म त्या एका इलेक्ट्रॉनात आहे, असं मी ऐरणीपाशी बसून शिकलो.

खडेमिठावर हातोडी मारली की चुरा होतो. मिठात धन आणि ऋण आयन आळीपाळीनं रचलेले असतात. घावानं थर जरा सरकला की सारखे भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना दूर लोटतात. सोन्याची लगड मात्र त्याच घावाखाली पसरते. इथे बाहेरचा इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या मालकीचा नसतो. गावच्या विहिरीसारखा तो सगळ्यांचा. त्यामुळे थर सरकले तरी बंध टिकतो. एवढ्या आधारावर एक ग्रॅम सोन्याची तार किलोमीटरभराच्याही पुढे ओढता येते.

पण ठोकता ठोकता पत्र्याचा आवाज बदलतो, हातोडी उसळू लागते. अणूंच्या रचनेतले दोष एकमेकांत अडकलेले असतात, थर सरकायला जागा उरत नाही. तेव्हा थांबावं आणि पत्रा मंद लाल होईस्तोवर ताव द्यावा. उष्णतेनं अणू पुन्हा नीट लागतात, धातू मऊ पडतो. हा आवाज ज्याला ओळखता येतो, त्याच्या पत्र्याच्या कडा चिरत नाहीत.

बावीस कॅरेटमध्ये २४ भागांपैकी २२ भाग सोनं असतं. उरलेल्या दोन भागांत खरी कारागिरी. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याएवढाच, म्हणून तो सोन्याच्या जागी सहज बसतो; रंग फिकटतो, पण धातू फारसा कडक होत नाही. तांब्याचा अणू लहान. तो बसला की आजूबाजूची रचना ताणली जाते आणि थर सहजी सरकत नाहीत. रोजच्या वापराच्या बांगडीला हाच कडकपणा हवा असतो, आणि सोबत थोडी लाली येते.

कसोटीवर ओढलेल्या रेघेवर नायट्रिक आम्ल टाकलं की तांबं-चांदी विरघळते, सोनं राहतं. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन. त्या ओढीनं अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं फिरतात आणि त्याचा परिणाम म्हणून बाहेरचा इलेक्ट्रॉनही आत ओढला जातो. सोन्याच्या अणूंमध्ये मोकळा वावरणारा तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती मात्र लागत नाही. सोनं निळा प्रकाश शोषून पिवळं दिसतं, तेही याच कारणानं.

म्हणून कामाला आलेल्या पोराला मी फुंकणीबरोबर हा स्तंभही शिकवतो. काय करायचं ते वाडवडिलांनी पुरेपूर दिलं आहे. ते का करायचं हे ज्याला उमगतं, तो उद्या कुणी न सांगितलेलं मिश्रणही विचारपूर्वक मुशीत घालू शकेल.