आर्वेनच्या हातीं तलवार

कादंबरीवरून चित्रपट रचतांना एखाद्या गौण स्त्रीपात्राचा विस्तार करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या सामग्रीनें, हा प्रश्न आमच्या घरीं सर्वांनीं मिळून पाहिलेल्या एका चित्रमालिकेनें आमच्यापुढें उभा केला. टोल्कीन या आंग्ल पंडिताची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९५४-५५ सालीं तीन खंडांत निघाली. तिच्यावरून पीटर जॅक्सन यांनीं २००१, २००२ व २००३ सालीं तीन चित्रपट काढले.

अमर अशा ‘एल्फ’ कुळांतील आर्वेन ही मर्त्य वीर अ‍ॅरागॉर्न याची वाग्दत्त वधू. त्याला वरावयाचें तर तिला अमरत्व सोडावें लागतें. एवढी थोर कथा, पण ग्रंथकारानें ती सविस्तर सांगितली आहे परिशिष्टांत! मुख्य कथानकांत आर्वेन क्वचित् दिसते, आणि बोलते त्याहूनही कमी. चित्रपटास परिशिष्ट जोडतां येत नाहीं. तेव्हां विस्तार करणें प्राप्तच होतें.

पहिल्या चित्रपटांत ती तलवार उपसते, जखमी फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदी ओलांडते आणि पूर आणून काळ्या स्वारांस वाहवून टाकते. आमच्या नातीनें टाळ्या पिटल्या. परंतु मूळ ग्रंथांत फ्रोडो हा ग्लॉर्फिन्डेल नामक वीराच्या घोड्यावरून एकटाच पैलतीर गांठतो, आणि प्राण कंठाशीं आले असतांही मागें वळून स्वारांस आव्हान देतो. पूर येतो तो आर्वेनच्या पित्याच्या, एलरॉंडच्या, आज्ञेनें. म्हणजे आर्वेनला जें मिळालें, तें फ्रोडोच्या धैर्यांतून काढून घेतलेलें आहे.

फेरफारास आमची मुळांत हरकत नाहीं. महाभारतांतील शकुंतलोपाख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं. तो कालिदासाच्या नाटकांत आहे, आणि त्यानें दुष्यंताच्या विस्मरणास कारण दिलें. ठिगळ लावावें, पण तें मूळ वस्त्राच्याच सुताचें असावें.

आर्वेन रणांगणांत लढते असेही प्रसंग दुसऱ्या चित्रपटासाठीं चित्रित झाले होते. ते पुढें गाळण्यांत आले. त्या चित्रपटांत एलरॉंड तिला तिचें भावी वैधव्य दाखवितो. तिसऱ्यांत ती जहाजांकडे निघाली असतां भावी पुत्राचें दर्शन होऊन माघारी फिरते. हीं दृश्यें नवीं असलीं तरी त्यांचें बीज परिशिष्टांत आहे. येथें कोणाचेंही कांहीं हिरावलें जात नाहीं, आणि आर्वेन मोठी होते ती स्वतःच्या निश्चयानें.

आमच्या मातोश्री चारचौघांत फारशा बोलत नसत. परंतु घरांतील मुलींनीं मॅट्रिकच्या पुढें शिकावें हा निश्चय त्यांचा. तो त्यांनीं आपल्या पाटल्या मोडून तडीस नेला. उद्यां कोणी आमच्या कुटुंबाची कथा पडद्यावर आणूं म्हणेल, तर मातोश्रींच्या हातीं तलवार देण्याचें त्यास कारण नाहीं. तो पाटल्यांचा प्रसंग परिशिष्टांत राहूं देऊं नये, इतकीच आमची अपेक्षा.